द्वारपालाचा दोष

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं शहर ‘पंधरा ओळी’ म्हणायचं. तोंडावर ‘सर’, पाठ वळली की ‘पंधरा ओळी’. मी त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून इथेही तसंच म्हणणार. त्यांनी उभ्या आयुष्यात एक कथा लिहिली नाही की कविता केली नाही. पण आई आणि मुलगा दोघंही त्यांच्याच गाईडावर पास झालेत अशी घरं मी स्वतः पाहिली आहेत. इतके वाचक चांगल्या चांगल्या लेखकांच्या नशिबी येत नाहीत. गाईड वाचणाऱ्याला लेखकाचं नाव आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

दिवसा ते शाळेत शिकवायचे आणि चारनंतर छापखान्यात येऊन बसायचे. त्याच छापखान्यात मी प्रुफं वाचते. नोकरी त्यांनीच लावून दिली आणि त्याची आठवण मला कधी करून दिली नाही. हा त्यांचा पहिला गुण. दुसरा गुण म्हणजे अक्षर. त्यांचा कागद जुळणीला गेला की खिळे जुळवणारा जुळारी शीळ घालत काम करायचा.

पंधरा ओळींचं गणित असं: नाटकातलं पात्र कुठलंही असो, परीक्षेत त्याचं स्वभावचित्र पंधरा ओळींचं. दोन ओळी ओळख. सहा ओळींत दोन गुण. चार ओळींत एक दोष. दोन ओळींचं अवतरण. एक ओळ समारोप. राजा असला तरी पंधरा, राजाचा न्हावी असला तरी पंधरा. “मुलांना साचा लागतो,” ते म्हणायचे. “साचा असला की भीती वाटत नाही.” घरी पाहुणा येऊन गेला की दार लागायच्या आत त्याचा एक दोष भाऊजींनी सांगितलेला असायचा. माझ्याबद्दल विचाराल तर गुण दोन, चिकाटी आणि नजर. दोष एक, जीभ. मी कधी तक्रार केली नाही, कारण त्या माणसाने मोजमाप बरोबर घेतलं होतं.

त्यांचं सगळ्यात खपलेलं गाईड एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेवरचं. चारेकशे वर्षांपूर्वीचं नाटक, आमच्या अभ्यासक्रमात कायमचं ठाण मांडून बसलेलं. गोष्ट सरळ आहे. एक ड्यूक लढाईवर जातो आणि राज्य धाकट्या भावाच्या हाती सोपवतो. परत आल्यावर एक मत्सरी दरबारी त्याचे कान भरतो की भाऊ गादी बळकावणार होता. ड्यूक भावाला मृत्युदंड देतो. मग दरबाऱ्याचं कारस्थान उघडं पडतं, ड्यूक क्षमापत्र लिहितो, किल्ल्याच्या म्हाताऱ्या द्वारपालाच्या हाती ते तुरुंगाकडे पाठवतो, आणि पत्र पोचेपर्यंत भावाचं डोकं उडालेलं असतं. ड्यूक त्याच दुःखात मरतो. विषय म्हणून गाईडात चार दिले होते: संशय, सत्ता, बंधुप्रेम, नियती. प्रत्येकावर एक पान.

आता चुकीची गोष्ट.

गाईड लिहायला छापखान्याच्या मालकांनी त्यांना तीन आठवडे दिले होते. शहरातल्या वाचनालयात त्या नाटकाची एकच प्रत, आणि तिच्यातली शेवटच्या अंकाची सहा पानं कुणा विद्यार्थ्याने ब्लेडने कापून नेलेली. उतरवून घ्यायचा कंटाळा, दुसरं काय! शिवाय त्याच आठवड्यात माझी ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. भाऊजी दवाखान्याच्या बाकावर मांडीवर फळी घेऊन लिहीत बसायचे. आत ताई कळा देत होती, बाहेर हे ड्यूकचे गुणदोष लिहीत होते. सगळी पात्रं उरकली, उरला द्वारपाल. त्याचे दोन गुण सापडले, निष्ठा आणि अबोलपणा. दोष मात्र सापडेना. कापलेल्या पानांच्या आधी ड्यूक पत्र लिहायला बसतो आणि नंतरच्या पानावर भावाचं प्रेत येतं. मधे काय झालं ते पानांबरोबर गेलेलं. पण उशीर तर झाला होता. साच्यात चार ओळींची जागा रिकामी होती. प्रेताशेजारी उभ्या द्वारपालाच्या हातात पत्र होतं. भाऊजींनी लिहिलं: ‘दोष: दिरंगाई.’ आणि पुढे, म्हाताऱ्याच्या हलगर्जीपणाने एका निष्पाप जिवाचा कसा बळी गेला, ते चार ओळींत.

ती ओळ मी वाचली होती. ‘दिरंगाई’तल्या ‘दि’ची वेलांटी त्यांनी घाईत दीर्घ काढली होती, ती मी ऱ्हस्व केली आणि पान पुढे पाठवलं. मूळ नाटक माझ्यासमोर नव्हतं, शहानिशा करणं माझं कामही नव्हतं. तरी सांगून ठेवते, कारण या गोष्टीत मी नुसती बघणारी नाही.

भाऊजींनी ती ओळ लिहिली त्याच दुपारी ताईला मुलगी झाली. जन्मताच डोक्यावर जंगल, म्हणून मी तिला झिपरी म्हटलं, आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

गाईड तडाखेबंद खपलं. दोन वर्षांत दुसऱ्या प्रकाशकांनी त्याच्यावर डल्ला मारून आपापली गाईडं काढली. दिरंगाई त्यांच्यातही गेली. मुलं तेच लिहू लागली. परीक्षक म्हणजे तरी कोण? कालची मुलंच. पाचव्या वर्षी प्रश्नपत्रिकेत थेट प्रश्न आला: ‘द्वारपालाच्या दिरंगाईचे परिणाम स्पष्ट करा.’ वीस गुण. भाऊजी पेपर हातात घेऊन छापखान्यात आले तेव्हा त्यांची मान ताठ होती. आपण लिहिलेली ओळ प्रश्नपत्रिकेत यावी, याहून मोठा मान गाईडवाल्याला नाही.

झिपरी सात वर्षांची असताना शाळेच्या वाचनालयात त्या नाटकाची नवी, अख्खी प्रत आली. त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मग ती सहा पानं उघडून माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. ड्यूक क्षमापत्र संध्याकाळी लिहितो. मोहोर लावतो. आणि उशीखाली ठेवून देतो. आपण चुकलो हे आज जाहीर झालं तर दरबार काय म्हणेल, असं म्हणून सकाळपर्यंत थांबतो. उजाडताना द्वारपालाला हाक मारतो. एका पायाने अधू असलेला तो म्हातारा अख्खा किल्ला धावत ओलांडतो, आणि तुरुंगाच्या दाराशी पोचतो तेव्हा घंटा वाजत असते. ड्यूक सगळ्यांदेखत त्यालाच बोल लावतो. तो तोंडातून शब्द काढत नाही.

“खापर भलत्याच्या डोक्यावर फुटलं की हो,” मी म्हटलं.

“पुढच्या आवृत्तीत बदलू,” भाऊजी म्हणाले.

मालकांनी ऐकलं आणि हसले. “सर, परीक्षेत जे चालतं ते बरोबर. तुम्ही आता खरं छापलंत, तर पोरं खरं लिहितील आणि नापास होतील. मग दगड कोणाच्या काचेवर पडतील?”   पुढची आवृत्ती आली, तिच्या पुढची आली. ‘पुढच्या आवृत्तीत’ हे आमच्यात हळूहळू थट्टेचं झालं, आणि मग थट्टाही बंद झाली. अख्खी प्रत त्यांनी वाचनालयाकडून मागून घरी आणली आणि सर्वांत वरच्या फळीवर, गाईडांच्या मागे ठेवली.

तिथून ती झिपरीने काढली. अठराव्या वर्षी तिची उंची बापाच्या वर गेली होती आणि केसांची अवस्था जन्मल्या दिवसासारखीच होती. तिने नाटक दोनदा वाचलं. सगळ्या नाटकात तिला आवडला कोण, तर द्वारपाल, ज्याला पाच अंकांत मिळून दोन वाक्यं आहेत. जेवताना म्हणाली, “बाबा, तुमच्या गाईडात तो आळशी का आहे?”

भाऊजींनी पाव मोडला. “परीक्षेत तसंच लिही.”

“पण ते खोटं आहे.”

“परीक्षा झाली की खरं लिही. कोण अडवतंय?”

ताई म्हणाली, “अहो, पण खोटं असेल तर…” आणि नवऱ्याचा चेहरा पाहून पाण्याचं भांडं भरायला उठली. मी मूग गिळून बसले होते. जीभ हा माझा एकमेव दोष. तो नेमका त्या दिवशी कामाला आला नाही.

झिपरीला पलीकडच्या शहरातल्या विद्यापीठात साहित्य शिकायला जायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. तिथे तीस जागा असतात आणि त्या या एका पेपरच्या गुणांवर मिळतात. त्या वर्षी प्रश्न आला: ‘द्वारपालाच्या दिरंगाईमुळे शोकांतिका घडते. चर्चा करा.’ वीस गुण. तिने आठ पानं लिहिली. पहिलं वाक्य होतं, ‘द्वारपाल दिरंगाई करत नाही.’ तिला शून्य मिळालं. यादीत ती चौतिसावी आली. सहा गुण आणखी असते तर आत होती.

मंगळवारी दुपारी आम्ही तिघं परीक्षा मंडळाच्या मुख्य परीक्षकाकडे गेलो. तो भाऊजींचाच जुना विद्यार्थी. त्याने त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभा राहिला. झिपरीची आठ पानं त्याने वाचली होती.

“सर, पोरीचं बरोबर आहे, मला कळतंय. पण उत्तरसूचीतले चारही मुद्दे तुमच्या गाईडातले आहेत. मी एकट्याने खोडले तर बाकीचे परीक्षक माझ्यावर उठतील. तुम्ही स्वतः लिहून द्या की ही मूळ चूक तुमची. मग मला तो प्रश्न पुन्हा तपासायला लावता येईल.”

“लिहून देतो,” भाऊजी म्हणाले. लगेच म्हणाले, हेही सांगितलं पाहिजे.

“फक्त शनिवारी बाराच्या आत, सर. फेरतपासणीच्या अर्जाला जोडून. बाराला खिडकी बंद झाली की माझ्याही हातात काही राहत नाही.”

झिपरीने तिथेच अर्ज भरला. “दे इकडे, मी पत्रासोबत देतो. तिथले सगळे मला ओळखतात,” असं म्हणून भाऊजींनी तो घडी करून घेतला. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून गुणगुणत होती. तिला गाता येत नाही, पण तेव्हा कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी भाऊजींनी छापखान्यात बसून पत्र लिहिलं. नऊ ओळी. माझ्याकडे वाचायला दिलं. अठरा वर्षांपूर्वी मूळ संहिता पूर्ण न पाहता मी हा दोष लिहिला, तो चुकीचा आहे, विद्यार्थिनीचं उत्तर योग्य आहे, अशा अर्थाचं. त्यात एकही चूक नव्हती. वेलांटीचीसुद्धा नाही.

“उद्या सकाळीच द्या,” मी म्हटलं.

“उद्या सकाळीच.” त्यांनी पत्र आणि अर्ज कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

बुधवारी मी विचारलं, दिलंत का? म्हणाले, खिडकीवर फार गर्दी होती. गुरुवारी म्हणाले, सही नीट उमटली नाही, पुन्हा करावी म्हणतो. मी पत्र पाहिलं होतं. सही ठसठशीत होती.

खरं कारण शुक्रवार हे होतं. त्यांच्या लेखनाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकांनी शाळेच्या सभागृहात सत्कार ठेवला होता. बाहेर त्यांचा फोटो लावलेला. अशा माणसाने बुधवारी ‘माझी चूक’ म्हणून सही द्यायची आणि शुक्रवारी व्यासपीठावर बसायचं! मला त्यांची अडचण कळत होती. कळत होती म्हणून राग कमी येत होता असं नाही.

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापक लांबलचक बोलले. भिंतीवरचं एक मोठं घड्याळ भेट दिलं. मग मागच्या रांगेतून एक औषधविक्रेता उठला, चांगला पोट सुटलेला गृहस्थ, आणि म्हणाला, “सर, मला ती दिरंगाई अजून पाठ आहे!” आणि त्याने त्या चार ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. दुसऱ्या ओळीला आणखी पाचसात जणांनी सूर धरला, चौथ्या ओळीला अर्धं सभागृह. शेवटी टाळ्यांचा कडकडाट. भाऊजी घड्याळ मांडीवर धरून हसत होते. अंगात तोच कोट होता. तिसऱ्या रांगेत झिपरीही टाळ्या वाजवत होती. पत्र बुधवारीच गेलं, असं तिला वाटत होतं.  मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. उद्या सकाळ आहे अजून, असं मीही म्हटलं.

शनिवारी ते साडेअकराला घरून निघाले. मंडळाच्या कचेरीपर्यंत बसने वीस मिनिटं लागतात, बस वेळेवर आली तर. दोन वाजता परत आले तेव्हा मी तिथेच होते. कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पाणी मागितलं.

“झालं नाही,” म्हणाले. “फाटकावरच्या पहारेकऱ्याने घोळ केला. असल्या माणसांना वेळेची किंमत नसते.”

ताई म्हणाली, “म्हणजे? कसलं झालं नाही?”

“अर्ज घेतला नाही त्यांनी. तो पहारेकरी…”

झिपरी स्वयंपाकघराच्या दारात होती. “आज गेला होतात?” तिने विचारलं. “बुधवारी नाही?”

“अगं, बुधवारी गर्दी होती.”

“आज किती वाजता पोचलात?”

“बाराच्या सुमाराला. तो माणूस जरा चपळ असता तर…”

“बाराच्या आधी की नंतर, बाबा?”

भाऊजी पाणी प्यायले. मग झिपरी माझ्याकडे वळली. “मावशी, पत्र कधी लिहिलं होतं?”

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. त्या क्षणी वाटलं, ही एक राहू दे. पण तिचे डोळे माझ्यावरून हलेनात. “मंगळवारी,” मी म्हटलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. “पहारेकऱ्याने,” एवढंच म्हणाली, जणू पाठ केलेल्या धड्यातला शब्द परत आठवून पाहत होती, आणि आत जाऊन कप विसळू लागली. कप आधीच विसळलेले होते.

माझी खोड अशी की मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोमवारी मी मंडळाच्या फाटकावर गेले. पहारेकरी स्टुलावर बसला होता, साठीच्या पुढचा, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. तो पट्टा पाहून मला नाटक आठवलं. मी हे जुळवून सांगते आहे असं कुणाला वाटेल. वाटू दे. पहारेकऱ्याची नोकरी म्हाताऱ्यांना देतात आणि म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, यात माझी काही कारागिरी नाही.

“शनिवारचे साहेब ना? कोटवाले?” तो म्हणाला. “बारा वाजून दहा मिनिटांनी आले. धापा टाकत होते. मी म्हटलं, द्या इकडे, तुम्हाला जिना झेपायचा नाही. आणि पळालो वर. तिसरा मजला आहे बाई. खिडकी ओढून घेतलेली. ठोठावलं, आतून नाही म्हणाले. परत ठोठावलं. खाली येऊन कागद परत दिला, तर माझ्यावरच खेकसले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तुम्ही लोक वेळेवर काही करत नाही.” त्याने हे सांगताना राग दाखवला नाही. “अर्जावर मुलीचं नाव होतं. झालं का तिचं काम?”

“नाही.”

तो चुकचुकला. गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. “दुसऱ्या मजल्यावर मी जरा टेकलो होतो,” म्हणाला. “तिथे टेकायला नको होतं.”

मी त्याला सांगितलं की खिडकी दहा मिनिटं आधीच बंद झाली होती, तुमच्या टेकण्याने काही फरक पडला नाही. दोनदा सांगितलं. त्याला पटलं असं वाटलं नाही.

तिथून मी थेट छापखान्यात गेले आणि भाऊजींना म्हटलं, “मी पहारेकऱ्याला भेटून आले. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत धावला होता. पोरीचं काम झालं का म्हणून विचारत होता.” भाऊजींच्या हातात पेन होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, टोपण शोधलं, लावलं, आणि उठून निघून गेले. त्यानंतर चार महिने आम्ही कामापुरतं बोललो.

जागा गेली ती गेली. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि जुने गुण धरेनासे झाले. झिपरी माझ्यासोबत छापखान्यात येऊ लागली, माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. नजर माझ्यापेक्षा तेज. हे मी आनंदाने सांगत नाही. घरी ती बापाशी ‘मीठ द्या’, ‘दार लावा’ एवढंच बोलायची. तेही पूर्वीचे ‘पंधरा ओळी’ राहिले नव्हते. पाहुणा गेल्यावर त्याचा दोष सांगणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मग गाईडाची नवी आवृत्ती निघाली. भाऊजींनी सुधारलेली प्रत आणून दिली. सुरुवातीच्या निवेदनात त्यांनी ती नऊ ओळींची कबुली जशीच्या तशी घातली होती. द्वारपालाचा दोष उडवला होता आणि त्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. मालक लालबुंद झाले.

“सर, मुलं नापास होतील!”

“मुख्य परीक्षकाला पत्र दिलंय. सूची बदलतील.”

“आणि नाही बदलली तर?”

“तर मुखपृष्ठावरचं माझं नाव काढा. मजकूर हाच राहील.”

मालकांनी हात टेकले. पण पानावर चार ओळींची पोकळी दिसत होती. जुळारी म्हणाला, खालचं वर ओढून घेऊ का? भाऊजी म्हणाले, नको, मोकळीच राहू दे.

ड्यूकचं पानही त्यांनी पुन्हा लिहिलं होतं. पूर्वी त्याचा दोष संशय होता. आता चार ओळी अशा होत्या: ड्यूक गर्विष्ठ व निष्ठुर आहे, क्षमापत्र लिहूनही तो ते रात्रभर उशीखाली ठेवतो, स्वतःचा मान त्याला भावाच्या जिवाहून प्रिय आहे, उशिराचं सारं पाप त्याचंच. ते पान झिपरीच्या वाट्याला आलं. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होती म्हणून मी वाकून पाहिलं. तिने ‘निष्ठुर’वर रेघ मारली होती आणि समासात, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘घाबरलेला’.

“झिपरे, शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही,” मी म्हटलं. “आपण काना-मात्रा बघायच्या.”

“माहीत आहे.”

“मग?”

तिने पेन्सिलीचं टोक पाहिलं. “निष्ठुर नव्हता तो, मावशी. निष्ठुर असता तर त्याने पत्र लिहिलंच नसतं.”

नियमाप्रमाणे मी ती खूण खोडायला हवी होती. मी खोडली नाही. तसंच पान भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

ते वरपासून खाली वाचत आले आणि त्या ओळीशी थांबले. समासातलं अक्षर माझं नाही हे त्यांना कळायला वेळ लागला नसेल. पाटीवर ते अक्षर गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले की चष्मा, मला दिसलं नाही, कारण मी दुसरीकडे पाहत होते. टेबलाच्या त्या टोकाला झिपरी मान खाली घालून पुढचं पान वाचत होती, किंवा वाचत नव्हती.

मग भाऊजींनी ‘घाबरलेला’च्या शेजारी सही केली आणि खाली लिहिलं, ‘दुरुस्ती मान्य. छापा.’ सही झालेली पानं आमच्याकडे टोपलीत ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस येऊन खाली घेऊन जातो. त्यांनी ते पान टोपलीत ठेवलं नाही. कोट खुर्चीवर तसाच होता. पान हातात धरून ते उठले, झिपरीच्या खुर्चीमागून गेले, आणि जिना उतरून छपाईच्या खोलीत स्वतः देऊन आले.